लुथरन पाळकांसाठी दोन नियम: २००९ च्या आधीचा आणि नंतरचा

अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्च या प्रोटेस्टंट चर्चचा १९९० पासूनचा नियम असा होता: समलिंगी व्यक्तीला पाळक, म्हणजे धर्मगुरू, होता येईल, पण समलिंगी संबंध ठेवायचे नाहीत. म्हणजे स्वतःबद्दल खरं बोलायला मुभा, घर मांडायला मनाई. मला हा नियम निर्दयी वाटतो, कारण विवाहित पाळकाकडून असा त्याग कुणीच मागत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, त्याच वर्षी तिघा समलिंगी उमेदवारांना परवानगीशिवाय पाळकपदाची दीक्षा दिली. आधी या मंडळ्यांचं निलंबन झालं, १९९५ मध्ये त्यांना चर्चमधूनच काढलं.

दुसरा नियम ऑगस्ट २००९ मध्ये मिनिआपोलिसच्या महासभेत आला: नातं आयुष्यभराचं, एकनिष्ठ आणि चारचौघांत मान्य केलेलं असेल तर सेवेची दारं उघडी. बाजूनं ५५९, विरुद्ध ४५१. त्याआधी दोनच दिवस लैंगिकतेवरचं निवेदन ६७६ विरुद्ध ३३८ मतांनी मंजूर झालं होतं. गरज दोन-तृतीयांशांची, आणि आकडा नेमका तेवढाच! एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर निवेदन पडलं असतं.

जुन्या नियमात सगळ्यांना एकच साचा होता. नव्यात प्रत्येकाच्या सदसद्विवेकाला जागा आहे. ज्या मंडळीला पटत नाही तिच्यावर समलिंगी पाळक लादला जात नाही. तरीही अनेक मंडळ्या बाहेर पडल्या आणि २०१० मध्ये नॉर्थ अमेरिकन लुथरन चर्च उभं राहिलं. ही फूट मला खरंच सलते.

पण त्याच वर्षी जुलैत सॅन फ्रान्सिस्कोत सात पाळकांना चर्चच्या पाळकांच्या अधिकृत यादीत घेतलं गेलं. १९९० ची दीक्षा मिळालेल्या तिघांपैकी एक, जेफ जॉन्सन, त्यांत होते.