दोरीच्या परड्या आणि समोरून बॉबिन घालायचं मशीन: काही महिने वापरल्यावर

मी दोरीवर चिंधी गुंडाळून तिचे वेढे झिगझॅग टाक्याने एकमेकांना जोडत परड्या शिवते. टाके सुटायला लागले, पण सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने मशीन उघडूनही पाहिलं नाही. "मॅडम, यावर दोरी शिवलीत ना? मग वॉरंटी लागू नाही. शटल बदलावं लागेल, अडीच हजार." शटल म्हणजे वरच्या दोऱ्यात खालचा गुंफणारा भाग. टाके सुटत होते एवढीच माझी तक्रार होती. मशीनच्या पुस्तकात डेनिम शिवता येतं असं छापलेलं आहे. ६ मिलिमीटरच्या मऊ सुती दोरीत सुई जितकी सहज शिरते तितकी जीन्सच्या दुमडलेल्या शिवणीत शिरत नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलं आणि मशीन उचलून घरी आणलं.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने सुईखालची प्लेट काढली. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या खाली कापूस दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट बसला होता. चिमट्याने त्याच्या पट्ट्याच निघाल्या. "ताई, शटल ठणठणीत आहे. दोरीचा कापूस झडतो, तो इथे साचतो." ब्रश मारला, शटलला तेलाचा थेंब सोडला, शंभर रुपये घेतले. अडीच हजारांच्या जागी शंभर! हा राग माझा अजून गेलेला नाही. दोरी शिवणाऱ्या प्रत्येकीने एक परडी झाली की प्लेट काढून साफ करावी. पाच मिनिटांचं काम आहे.

आता मशीनबद्दल. झिगझॅगची रुंदी ५ मिमी आहे. घेताना मला ७ मिमीचं हवं होतं, बजेटमुळे हे घेतलं आणि बरेच दिवस चुटपुट लागून राहिली होती. आता वाटतं, ५ पुरे. दोन वेढ्यांमधली फट बरोबर मशीनच्या दाबणाऱ्या पायाच्या मध्यावर ठेवली, तर टाका दोन्हीकडे अडीच-अडीच मिमी जातो. ६ मिमीच्या दोरीचा तो जवळजवळ मध्यच, त्यामुळे पकड पक्की बसते. ८ मिमीची दोरी शिवणार असाल तर मात्र रुंद झिगझॅगच घ्या. सुई १६ नंबरची.

माझं खरं भांडण आहे ते बॉबिनशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाशी. या मशीनला बॉबिन समोरून, केसमध्ये घालून बसवावी लागते. दोरा किती उरलाय ते वरून दिसत नाही. ब्लाउज शिवताना याने काही अडत नाही, परडीला अडतं. हिशेब करून पाहा. १५ सेंटिमीटरच्या बुडाला साधारण ३ मीटर दोरी जाते आणि ८ सेंटिमीटर उंच भिंतीला अजून सहा-साडेसहा. म्हणजे अर्धी वीत उंचीच्याही आतल्या परडीला साडेनऊ मीटरच्या आसपास. ५ मिमी रुंद आणि अडीच मिमी लांब टाक्याला खालचा दोरा दोरीच्या सव्वादोन पट लागतो. तेव्हा एका छोट्या परडीला एकवीस-बावीस मीटर तरी खालीच संपतो, वरचा वेगळा.

आणि संपतो तो नेमका भिंत चढवताना. सुई वरखाली होत राहते, नुसती भोकं पाडत जाते, आणि कळतं तेव्हा अर्धा वेढा हातात सुटून आलेला असतो. भिंत चढवताना बूड मशीनच्या डोक्याला टेकवून उभं धरलेलं असतं आणि परडी डावीकडची सगळी जागा अडवते. बॉबिनपर्यंत पोहोचायला पुढची फळी डावीकडेच सरकवावी लागते. म्हणजे परडी बाहेर काढा, फळी काढा, बॉबिन बदला, सगळं परत लावा. पुन्हा धरताना तिरपेपणा हमखास थोडा बदलतो आणि भिंतीला तिथे पायरी पडते. ती इस्त्रीनेही जात नाही. वरून बॉबिन टाकायची, पारदर्शक झाकणाची मशीनं याच किमतीच्या आसपास मिळतात. परड्यांसाठीच घेणार असाल तर बाकी टाक्यांचे प्रकार मोजत बसू नका, ते झाकण बघा.

मिथिलेत मुंज गवताच्या गाभ्यावर सिक्की गवत गुंडाळत, हाताने ओवत वेटोळ्याच्या टोपल्या करतात. गाभा, वरचं वेष्टण, वेढ्याला वेढा सांधणं, काम तेच. त्यांना खालचा दोरा लागतच नाही, म्हणून मला त्यांचा मनापासून हेवा वाटतो.

दोरी पुण्याच्या बोहरी आळीतून आणते. विणलेलीच घ्यावी. पीळ घातलेली मशीनच्या पायाखाली गरगरते आणि तिच्यावर गुंडाळलेली चिंधी सैल पडते. नायलॉनची स्वस्त पडते, पण घसरते. चिंध्या शेजारच्या शिंपिणीकडून फुकट मिळतात. दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या, शक्यतो तिरक्या कापाच्या, म्हणजे कडेचे धागे कमी सुटतात. खणाचे तुकडे सगळ्यांत देखणे दिसतात, पण धागे फार सोडतात. वॉयल सर्वांत आज्ञाधारक.

मशीन विकणार नाही, चालू वस्तू मी टाकत नाही. बूड पूर्ण झालं, परडी उभी करायच्या आधी, की बॉबिन अर्धी असली तरी काढते आणि भरलेली घालते. पायरी बंद झाली. उरलेल्या अर्ध्या बॉबिन डबीत ठेवते, त्यांवर उशांचे अभ्रे होतात.