हॉलो नाइट: सिल्कसॉन्ग – काही महिने खेळून झाल्यावर

हॉलो नाइट या गेमचा पुढचा भाग, सिल्कसॉन्ग, ४ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला आला आणि स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान लगेच आडवं झालं. त्यावर भरपूर लिहून झालंय, सोडून देतो. आता शेवटपर्यंत खेळून झालाय, बराचसा नकाशाही पिंजून काढलाय, तेव्हा हे पहिल्या आठवड्यातल्या चिडचिडीतून आलेलं नाही.

गेम अवघड आहे ही माझी तक्रार नाहीच. लेस या प्रतिस्पर्ध्याशी होणारी पहिली लढाई घ्या. ती आता काय करणार हे आधी दिसतं, आणि मार बसला तर का बसला तेही कळतं. तिच्याकडून कितीही वेळा हरलो तरी परत भिडावंसं वाटतं. माझी हरकत लढाईच्या बाहेर जी शिक्षा मिळते तिला आहे.

त्यातही दुहेरी नुकसानाचं गणित सगळ्यात जास्त खटकतं. आपण जिला खेळवतो त्या हॉर्नेटकडे सुरुवातीला पाच मुखवटे, म्हणजे जीव मोजायची एककं, असतात. बरेच बॉस, म्हणजे मोठे शत्रू, एका फटक्यात दोन उडवतात, आणि कित्येकांचं तर नुसतं अंग लागलं तरी दोन जातात. म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. आता कानाकोपऱ्यातून चार तुकडे शोधून सहावा मुखवटा मिळवा. तरी तिसऱ्याच फटक्याला मरण! मरण चौथ्या फटक्यापर्यंत ढकलायचं तर सातवा मुखवटा लागतो, म्हणजे आणखी चार तुकडे. इतकं धुंडाळून मिळालेलं बक्षीस बॉससमोर जवळपास फुकट. गेम बनवणाऱ्या टीम चेरीने इथे फार काही बदलायची गरज नाही. हल्ल्याला दोन राहू द्यात, धक्क्याला एक करा. लढाईचा धाक तसाच राहील आणि सहाव्या मुखवट्यालाही अर्थ येईल.

दुसरं म्हणजे मेल्यावरची पायपीट. लास्ट जज या बॉसपाशी पोचायला बाकापासून (मेल्यावर आपण तिथूनच परत सुरू होतो) वाऱ्यातून उड्या मारत, शत्रू चुकवत जावं लागतं. पहिल्यांदा मजा येते. नंतर मात्र आधीच्या लढाईत काय शिकलो ते वाटेतच विसरायला होतं. एक बाक जवळ आणला असता तर लढाई तसूभरही सोपी झाली नसती. (तो मरताना होणारा स्फोट मात्र मला आवडला. शुद्ध खोडसाळपणा, पण वेळ खात नाही.)

उपकरणांचंही तसंच. ही फेकायची वगैरे जादा हत्यारं पुन्हा भरायला शार्ड, म्हणजे शत्रूंकडून मिळणारे तुकडे, लागतात, अवघड बॉसपाशी ते संपतात, मग किडे मारत हिंडा. परिणाम असा की लोक उपकरणं जपून ठेवतात, वापरतच नाहीत.

कंट्रोल्सबद्दल बोलायचं तर तिरका खालचा वार. पहिल्या गेममध्ये त्याचा नायक, नाइट, सरळ खाली मारायचा, हॉर्नेट तिरकी झेपावते. हंटर्स मार्च या भागात यावरून बऱ्याच जणांनी डोकं धरलंय. मला तो वार आता सरळ वारापेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात मागे सरकून मग झेपावायचं ठरवावं लागतं. पण तो अंगवळणी पडायला जागा मिळायच्या आधीच गेम त्यावर परीक्षा घेतो. ज्यांना तो जमतच नाही त्यांच्यासाठी वाँडरर क्रेस्टमध्ये (क्रेस्ट म्हणजे हॉर्नेटची लढायची पद्धत बदलणारं चिन्ह) सरळ वार आहे, फक्त हे गेम कुठेही सुचवत नाही. एखाद्या पात्राच्या तोंडी एक वाक्य पुरलं असतं. शिवाय दिशा आणि बटण एकत्र दाबून उपकरण निवडायचं, तर घाईत, विशेषतः हवेत असताना, भलतंच सुटतं. प्रत्येकाला वेगळं बटण नेमता यायला हवं.

टीम ऐकत नाही असंही नाही. सप्टेंबरमध्येच आलेल्या पॅचमध्ये मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस थोडे सौम्य केले, मधल्या टप्प्यात ज्या बाकांना गेममधले पैसे मोजावे लागतात त्यांचे दरही उतरवले. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

घ्यावा का? हॉलो नाइट आवडला असेल तर बिनदिक्कत घ्या. तो खेळला नसेल तर आधी तो खेळा, स्वस्तही आहे. आणि शक्यतो कंट्रोलरवर.