प्रमोटर बायिंगचे अलर्ट देणारं पेड अ‍ॅप : माझा अनुभव

नाव मुद्दाम घेत नाहीये, पण ही जाहिरात बऱ्याच जणांनी बघितली असेल, "मालक स्वतःच्याच कंपनीचे शेअर घेतोय, तुम्ही कधी घेणार?" आणि आपण वर्षाचे पैसे भरून मोकळे होतो. मी भरले. पहिले दोन आठवडे भारी वाटलं, जरा वेळ गेला की टिंग, अमक्या कंपनीत प्रमोटर बाय, तमक्यात डायरेक्टर बाय.

मग एक अलर्ट आला, प्रमोटरने 12 कोटींचे शेअर घेतले, हिरवा रंग, मोठ्ठा बाण. ऑर्डर टाकणारच होतो पण म्हटलं एकदा मूळ कागद बघू. एनएसईच्या (नॅशनल स्टॉक एक्सचेंज) साईटवर कॉर्पोरेट फायलिंग्समध्ये इन्सायडर ट्रेडिंगचा, म्हणजे कंपनीच्या आतल्या माणसांनी केलेल्या खरेदी-विक्रीचा भाग आहे, फुकट, लॉगिन पण नाही. तिथे तीच एन्ट्री सापडली आणि मोडच्या (शेअर कुठल्या मार्गाने आले त्या) कॉलममध्ये काय, तर 'इंटर-से ट्रान्सफर'. खालच्याच ओळीत तेवढेच शेअर दिलेले, आडनाव तेच! म्हणजे घरातल्या घरात या खिशातून त्या खिशात, बाजारातून एकही शेअर उचललेला नाही आणि अ‍ॅप इकडे ढोल बडवतंय.

त्यानंतर मी प्रत्येक अलर्ट तपासायला लागलो. डायरेक्टर बाय म्हणून आलेलं निघालं ईसॉप, म्हणजे कंपनीनेच दिलेले शेअर. एक तर गहाण ठेवलेले शेअर सोडवल्याची नोंद होती, तीही हिरवीच. मला फक्त 'मार्केट पर्चेस' हवं असतं, स्वतःच्या खिशातले पैसे घालून बाजारभावाने घेतलेले, आणि ते वेगळं काढायचा फिल्टरच अ‍ॅपमध्ये नाही. पैसे कशाचे घेता मग?

दुसरं म्हणजे "आत्ताच घेतले" असं लिहितात, ते साफ चूक. सेबीच्या (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2015 च्या नियमांप्रमाणे एका तिमाहीत व्यवहार 10 लाखांच्या वर गेले की प्रमोटर, डायरेक्टर वगैरेंनी दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचं आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत एक्सचेंजला. सोमवारची खरेदी शुक्रवारी दिसली तरी सगळं नियमातच, मध्ये सुट्टी आली तर अजून पुढे. तोवर भाव कुठल्या कुठे. व्यवहाराची तारीख आणि कळवल्याची तारीख वेगवेगळ्या कॉलममध्ये असतात, अ‍ॅप फक्त कळवल्याची दाखवतं.

आणि रक्कम बघून हुरळू नका हो. 6000 कोटींच्या कंपनीत मालकाने 40 लाखांचे घेतले तर ते 0.01 टक्का पण नाही, आधीचं होल्डिंग आणि नंतरचं होल्डिंग शेजारी शेजारी ठेवून बघा, बऱ्याचदा आकडा हललेलाच नसतो. विक्रीचं तर मी फार मनावरच घेत नाही, माणूस घर घेतो, पोरीचं लग्न असतं, कर्ज फेडायचं असतं.

हो, तिमाही संपल्यापासून निकाल लागून 48 तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे आतल्या माणसांना स्वतःच्या कंपनीचे शेअर घ्यायला-विकायला मनाई, त्या काळात अलर्ट कमी आले तर अ‍ॅप बिघडलंय असं समजू नका, मी समजलो होतो.

इंटर-सेवाल्या अलर्टचा स्क्रीनशॉट कस्टमर केअरला पाठवला, उत्तर आलं "सर आमचा डेटा थेट एक्सचेंजवरून येतो". अहो येतो ना, मधला एक कॉलम तेवढा वाटेत गळतो.

दोन स्टार, त्यातला एक रंगसंगतीला.