तिबेटी नवा करार वाचायचाय? येश्के की दास?

तिबेटी लिपी वाचता येते, जोडाक्षरातलं मूळ अक्षर ओळखून कोश उघडता येतो, आणि आता नवा करार तिबेटीत वाचून बघायचाय, अशांसाठी हे लिहितोय. मराठी बायबल शेजारी ठेवलं की वाक्याचा अर्थ आधीच ठाऊक असतो, म्हणून भाषा शिकायला हा मजकूर सोयीचा; तुमचा धर्म कुठलाही असो. अडतं ते कोशापाशी. जुने आणि अजून वापरात असलेले तिबेटी-इंग्रजी कोश दोन: हाइन्रिश येश्के यांचा १८८१चा आणि शरच्चंद्र दास यांचा १९०२चा. दोन्हींची भारतीय पुनर्मुद्रणं आहेत, स्कॅन फुकट मिळतात. तेव्हा पैशांचा विचार सोडा.

दासांचा कोश आकारानेच दबदबा निर्माण करतो. तेराशेच्या वर पानं. संस्कृत प्रतिशब्द देवनागरीत छापलेले, त्यामुळे आपल्याला पटकन ओळखीचं वाटतं. दास स्वतः ल्हासापर्यंत जाऊन आले होते. मठ, गावं, देवता यांची माहिती भरपूर आहे. बौद्ध ग्रंथ वाचायचे असतील तर माझं ऐकू नका, सरळ दास घ्या.

माझं बिनसलं ते पर्यायी नावांवरून. साधा, रोजचा शब्द काढावा, तर पुढे काव्यात वापरायच्या नावांची माळ सुरू. अमरकोश पाठ असलेल्या आजोबांना वेळ विचारावी, तसं. एखाद्या संध्याकाळी ही मौज वाटते. पण मार्काच्या शुभवर्तमानातली एक ओवी लावताना पाच शब्द शोधायचे असतील, तर ओवी बाजूला राहते आणि आपण भलतीकडेच.

येश्के १८५७ मध्ये लाहौलमधल्या (आजच्या हिमाचल प्रदेशातल्या) केलाँगला आलेले मोरावियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे, मिशनरी. त्यांचा कोश नव्या कराराच्या भाषांतराच्या गरजेतूनच वाढला. शब्द शेतकऱ्याला कळेल की फक्त लामाला, हे त्यांना ठरवायचं होतं. म्हणून शब्द पोथीतला की बोलीतला, लडाखकडे काय म्हणतात, मध्य तिबेटात काय, उदाहरण कुठल्या ग्रंथातलं, अशा खुणा जागोजागी. संक्षेपांची सवय व्हायला वेळ लागतो, हे खरं. शेवटी इंग्रजी-तिबेटी शब्दसूचीही आहे, तिचा मला अपेक्षेपेक्षा जास्त उपयोग झाला.

एक शंका रास्त आहे. १८८५ साली छापलेल्या नव्या कराराच्या मुळाशीही येश्केच (ते १८८३ मध्येच वारले). मग भाषांतरकाराचाच कोश घेऊन त्याचं भाषांतर वाचायचं, म्हणजे त्याचंच म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकायचं. बौद्ध वाचकाला तो शब्द कसा ऐकू येत असेल, हे तपासायला मी दास उघडतो. अर्थात तेही पूर्ण परके नाहीत: त्यांचा कोश तपासणाऱ्या दोघांपैकी हायडे हे केलाँगचेच मिशनरी.

जुन्या करारासाठी, म्हणजे मुख्यतः लडाखच्या योसेब गेर्गन यांच्या भाषांतरासाठी (संपूर्ण बायबल १९४८ मध्ये लाहोरला छापलं गेलं), मी तरी येश्केनेच सुरुवात करतो. छापील प्रत एकच घेणार असाल तर बहुधा तीच घ्या, दास स्कॅनमध्ये राहू द्या. आजच्या ल्हासाची बोली मात्र दोघांतही शोधू नका. त्यासाठी गोल्डस्टाइन यांचा आधुनिक तिबेटीचा कोश वेगळा घ्यावा लागेल.