रेस्टिकवर अकरा महिने: चार सर्व्हर, एक वाचनालय आणि ३,४०० वर्गांक

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “अहो, कथासंग्रहांचे वर्गांक सगळे एकच दिसतायत. सोमवारी आपल्या नव्या मुलानं काहीतरी बदल केला होता, तेव्हापासूनच असणार.” वर्गांक म्हणजे पुस्तकाचा विषय आणि कपाटातली जागा सांगणारा क्रमांक. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो प्रतींच्या नोंदी एका दमात बदलता येतात. मुलाला चाळीसेक पुस्तकं बदलायची होती, निवडली गेली ३,४००.

डेबियन या लिनक्स प्रणालीसाठीचं कोहाचं पॅकेज रोज स्वतःहून बॅकअप काढतं, पण मूळ मांडणीत दोनच दिवसांचे ठेवतं. गुरुवारी हाताशी असलेल्या दोन्ही बॅकअपमध्ये चुकीचेच वर्गांक होते. माझी जुनी पद्धत असती तर तिथेही हेच झालं असतं, कारण आर-सिंक हा फाइली जुळवणारा प्रोग्राम दुसऱ्या सर्व्हरवर हुबेहूब आरसा ठेवायचा, आणि आरशात चूकही हुबेहूबच दिसते. रविवार रात्रीचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाबेसची एका फाइलमध्ये उतरवलेली प्रत, मिळाला तो रेस्टिक या बॅकअप साधनातून. तो मी चालू डेटाबेसवर चढवला नाही. शेजारी वेगळा डेटाबेस उभा केला, प्रतीचा क्रमांक जुळवून फक्त वर्गांकाचा रकाना परत लिहिला. सोमवार ते गुरुवारची देवघेव जशीच्या तशी राहिली. फोन ठेवल्यापासून पाऊण तासात काम संपलं, आणि त्या दिवसापासून या साधनाबद्दल सविस्तर लिहायचं मनात होतं.

रेस्टिक हा अलेक्झांडर नॉयमान यांनी सुरू केलेला, गो भाषेत लिहिलेला मुक्तस्रोत बॅकअप प्रोग्राम आहे. एकच फाइल सर्व्हरवर टाकायची, बस. बॅकअप एसएफटीपीनं (फाइली सुरक्षितपणे पाठवायची पद्धत) दुसऱ्या मशीनवर ठेवा, एस-थ्रीच्या (ॲमेझॉनची साठवण-सेवा) बकेटमध्ये ठेवा, नाहीतर त्याच्याच रेस्ट-सर्व्हर या जोड-प्रोग्रामवर. बोर्ग या दुसऱ्या बॅकअप साधनासारखं समोरच्या टोकाला काही बसवावं लागत नाही. डेटा सर्व्हर सोडण्याआधीच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता न येणारा बनतो, आणि हे बंद करायची सोयच नाही. मला ते आवडतं. लोकांनी कुठली पुस्तकं नेली याची यादी दुसऱ्याच्या डिस्कवर उघडी पडू नये.

खरी गंमत त्याच्या तुकडे पाडण्यात आहे. फाइल ठरावीक अंतरावर न कापता तो मजकूर पाहून कापतो. तुकडा साधारण १ एमबीचा, लहानात लहान ५१२ केबी, मोठ्यात मोठा ८ एमबी. मध्ये चार ओळी वाढल्या तरी पुढचे तुकडे तसेच राहतात आणि फक्त नवा तुकडा चढतो. आणि इथेच मी पहिले दोन महिने चुकत होतो. डंप नेहमीच्या सवयीनं जीझिपनं दाबून (आकार लहान करून) देत होतो. जीझिपमध्ये सुरुवातीला एक नोंद बदलली की तिथून पुढचे सगळे बाइट बदलतात, त्यामुळे रोजचा डंप रेस्टिकला नवाकोरा वाटायचा आणि रोज पूर्ण चढायचा. आता डंप कच्चाच देतो. दाबण्याचं काम ०.१४ आवृत्तीपासून रेस्टिक स्वतःच करतो. वाचनालयाचा डंप कच्चा ९०० एमबी आहे, रोज चढतात १५ ते २० एमबी. चारही सर्व्हरचे अकरा महिन्यांचे बॅकअप मिळून आजची जागा ३१ जीबी.

स्क्रिप्ट माझी तीसेक ओळींची आहे. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पाइपफेलचं, म्हणजे साखळीतला एक प्रोग्राम फसला तरी सगळंच फसलं असं धरायला लावणारं. ते नसेल, डंपचा आउटपुट पाइपमधून पुढच्या प्रोग्रामला दिला आणि डंप अर्ध्यात मेला, तर शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) फक्त शेवटच्या प्रोग्रामचा निकाल बघतो. तो म्हणतो सगळं ठीक, आणि आपल्याकडे अर्धवट डेटाबेसचा सुबक स्नॅपशॉट (त्या वेळचा एक बॅकअप) जमा होतो. ०.१७ पासून रेस्टिकलाच डंपची आज्ञा चालवायला सांगता येते, ती फसली तर स्नॅपशॉट बनतच नाही. डेबियन १२ च्या भांडारात मात्र जुनी ०.१४ आहे, म्हणून मी प्रकल्पाची मूळ फाइल उतरवून वापरतो. डंप घेताना सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावतो, म्हणजे टेबलं अडकून पडत नाहीत आणि सगळा डंप एकाच क्षणाचा निघतो.

वेळापत्रक रेस्टिकमध्ये नाही, ते आपणच लावायचं. क्रॉन हे लिनक्सचं जुनं वेळापत्रक सोडून मी सिस्टमडीचे टायमर घेतले. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात आणि मी पहिल्यांदा पहाटे अडीच लिहिलं, ते आपल्याकडे सकाळी आठला उगवायचं, बरोबर वाचनालय उघडताना. टायमरमध्ये वेळेपुढे आशिया/कोलकाता असं लिहिता येतं, हे कळल्यावर साडेपाच तासांची वजाबाकी संपली. दुसरा पर्याय पर्सिस्टंट. माझ्या घरी जो जुना संगणक रेस्ट-सर्व्हर म्हणून ठेवलाय, तिथे पावसाळ्यात लाइट जाते. या पर्यायामुळे हुकलेली तपासणी लाइट आल्यावर मशीन सुरू होताच चालते.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त छळलं ती. जुने स्नॅपशॉट काढताना मी सात रोजचे, चार आठवड्यांचे, बारा महिन्यांचे ठेवायला सांगितले होते. तीन महिन्यांनी पाहतो तर नव्वदच्या नव्वद जागेवर. फर्गेट ही आज्ञा आधी स्नॅपशॉटचे होस्ट (सर्व्हरचं नाव) आणि पाथ (फाइलचा पत्ता) यांप्रमाणे गट पाडते आणि नियम प्रत्येक गटाला वेगळा लावते. माझ्या डंपच्या नावात तारीख होती. त्यामुळे प्रत्येक स्नॅपशॉट आपापल्या गटात एकटा, आणि एकटा म्हणून सुरक्षित. फाइलचं नाव कायमचं एकच ठेवा, तारीख स्नॅपशॉटमध्ये असतेच. सर्व्हरचं नाव बदललं तरी हाच घोळ होतो, म्हणून होस्टही मी स्क्रिप्टमध्ये ठरवून दिलाय. आणि फर्गेटनं जागा मोकळी होत नाही, ते काम प्रून या दुसऱ्या आज्ञेचं. प्रूनला मेमरी लागते. १ जीबी मेमरीच्या छोट्या सर्व्हरवर मेमरी संपल्यानं कर्नलनं तो दोनदा मारला, आणि साठ्यावर मागे राहिलेल्या कुलपामुळे (लॉक) पुढचं काम अडलं. आता प्रून घरच्या मशीनवरूनच चालवतो.

त्याचं आणखी एक कारण आहे. बॅकअप घेणाऱ्या सर्व्हरकडेच पुसायचाही अधिकार असेल, तर सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस आधी बॅकअप पुसतो. रेस्ट-सर्व्हर अपेंड-ओन्ली चालवला की बाहेरून फक्त भर घालता येते. बकेट वापरणाऱ्यांनी ऑब्जेक्ट लॉक (ठरावीक काळ काही पुसू न देण्याची सोय) बघावा, पण खर्च वाचवायला तोच डेटा ग्लेशियरच्या (ॲमेझॉनची स्वस्त साठवण) सावकाश मिळणाऱ्या प्रकारांत ढकलू नये. रेस्टिकला स्वतःच्या फाइली पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात, आणि तिथे त्या लगेच मिळत नाहीत.

निरोपाबद्दल माझं मत पक्कं आहे: बिघाड झाल्यावर मेल येईल यावर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. तेव्हा कळलं की पीजी-डंप (त्यांच्या डेटाबेसचा डंप काढणारा प्रोग्राम) आवृत्ती न जुळल्यामुळे फसतच होता, आणि फसल्याचे मेल डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याचाच आहे का याच्या) तपासणीत नाकारले जात होते. सहा तासांपूर्वीच्या एलव्हीएम (डिस्कच्या) स्नॅपशॉटवरून त्यांना उभं राहावं लागलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं, म्हणून आपण शिकलो. माझी स्क्रिप्ट यशस्वी झाली की बाहेरच्या एका पत्त्यावर हजेरी लावते. हजेरी आली नाही की तिकडून मला फोनवर कळतं. बॅकअपमध्ये काही फाइली वाचता आल्या नाहीत तर रेस्टिक ३ हा कोड देतो. त्यालाही मी अपयशच धरतो, हजेरी जात नाही. शिवाय दर रविवारी चेक ही तपासणीची आज्ञा चालते, दर वेळी डेटाचा एक चतुर्थांश खरोखर वाचून. महिन्याभरात सगळा डेटा एकदा नजरेखालून जातो.

पासवर्ड हरवला तर काहीही परत मिळत नाही, रेस्टिक लिहिणाऱ्यांनाही नाही. पण एकाच साठ्याला अनेक किल्ल्या, म्हणजे वेगवेगळे पासवर्ड, देता येतात. वाचनालयाची वेगळी किल्ली करून ती छापली आणि पाकिटात घालून बाईंच्या कपाटात ठेवली. मी आजारी पडलो, गावाला गेलो, तर त्यांचं काम माझ्यावाचून अडू नये. सोबत दोन पानी कृती मराठीत लिहून दिली. एप्रिलमध्ये बॅकअप परत आणायच्या सरावाला त्याच मुलाला बसवलं, ज्याच्या हातून वर्गांक गेले होते. मी मागे खुर्ची टाकून गप्प बसलो. पहिल्या खेपेला त्याला एक तास दहा मिनिटं लागली आणि माझ्या कृतीतली सहावी पायरी चुकीची निघाली. ती दुरुस्त करून त्यानं पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, तेव्हा पस्तीस मिनिटांत कथासंग्रह पडद्यावर होते.