सांध्यांसाठीच्या प्रोबायोटिक कॅप्सूल: पोटाला फरक पडला, गुडघ्यांना नाही

आईच्या गुडघ्यांसाठी या प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत बॅक्टेरियांच्या, कॅप्सूल मागवल्या होत्या, ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण असेच दावे करणारे खूप जण आहेत, डब्यावर मोठ्या अक्षरात हाडं सांधे स्नायू तिन्ही एकदम. चांगलं आधी सांगते, कॅप्सूल छोटी आहे, गिळायला त्रास नाही, आणि आईचं पोट खरंच साफ व्हायला लागलं, गॅस कमी झाला. गुडघे मात्र होते तसेच, जिना उतरताना अजून कठडा धरूनच एकेक पायरी उतरते.

आता आतड्यातल्या बॅक्टेरियांचा हाडांशी संबंधच नाही असं अजिबात नाही. आपण खातो ते फायबर ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी फॅटी ॲसिड्स तयार होतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांनी हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घातलेला दिसलाय. स्वीडनमध्ये हाडं विरळ झालेल्या ७५ ते ८० वयाच्या ९० बायकांवर वर्षभर ट्रायल झाली, काहींना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा बॅक्टेरिया, बाकीच्यांना बॅक्टेरिया नसलेला नुसता दिखाऊ डोस. २०१८ ला रिझल्ट आला, रॉयटेरीवाल्यांच्या नडगीच्या हाडाची घनता बाकीच्यांच्या तुलनेत साधारण निम्मीच घटली. भारी ना? डब्यातल्या पत्रकात हे ठळक छापलंय. पण पाळी जाऊन फार वर्षं न झालेल्या २३९ बायकांवर तोच बॅक्टेरिया दोन वर्षं देऊन पाहिला, ते २०२४ ला आलं, आणि हाडांत काहीच फरक नाही. याचा पत्रकात उल्लेखच नाही, आणि गुडघेदुखीवर तर या दोन्ही ट्रायल नव्हत्याच मुळी!

सगळ्यात राग आला तो लेबलचा. नुसतं रॉयटेरी लिहिलंय, पुढे स्ट्रेनचा, म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या उपप्रकाराचा, नंबर नाही. ट्रायलमधला स्ट्रेन ६४७५ होता, आणि एकाच जातीच्या दोन स्ट्रेनचं काम वेगळं असू शकतं, मग त्या ट्रायलचं नाव पुढे करून आपल्याला नक्की काय विकताय? सीएफयू म्हणजे जिवंत बॅक्टेरियांचा आकडा, तोही 'पॅक करताना'चा, एक्स्पायरीपर्यंत त्यातले किती जगतील यावर एक अक्षर नाही. कस्टमर केअरला स्ट्रेन विचारला तर फॉर्म्युला गोपनीय आहे म्हणाले.

५ पैकी २ स्टार, तेही पोटासाठी. हाडांसाठी घेत असाल तर स्ट्रेन नंबर असल्याशिवाय घेऊ नका, आणि प्लीज डॉक्टरांनी दिलेल्या हाडांच्या गोळ्या, व्यायाम यातलं काही याच्या भरवशावर बंद करू नका. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण हे जिवंत जंतू आहेत आणि डब्यावर तशी सूचनाच नाहीये.