रेंज नसलेल्या घळीसाठी सॅटेलाइट यंत्र: निवडीआधी परवाना

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कन्नड तालुक्यातील अंतूर किल्ल्याखालच्या घळीत आमच्या गिर्यारोहण गटातील एका सदस्याचा पाय मुरगळला. दुखापत जिवावरची नव्हती. परंतु त्यांना पाय टेकवत नव्हता आणि आम्हा अकरा जणांपैकी एकाच्याही मोबाइलला रेंज नव्हती. अखेर दोघे जण पठारावर चढून नागापूरच्या दिशेने रेंज मिळेपर्यंत चालत राहिले, आणि गावातून चार माणसे व एक बाज घेऊन परत येईपर्यंत साडेतीन तास गेले. त्याच रात्री छत्रपती संभाजीनगरला पोहोचल्यावर गटाने ठरवले की वर्गणी काढून सॅटेलाइटवर चालणारे आणीबाणीचे एखादे यंत्र घ्यायचे, आणि निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो या समजुतीने निवडीचे काम माझ्याकडे आले. हे परीक्षण त्या शोधातून तयार झाले आहे.

अशा यंत्रांपैकी एक मी पूर्वी हाताळले होते. कोलोरॅडोत मुलाकडे असताना तो डोंगरात जाताना पाठपिशवीच्या पट्ट्याला गार्मिन कंपनीचे ‘इनरीच मिनी २’ अडकवत असे. २०२२ साली ४०० डॉलरला बाजारात आलेले हे यंत्र तळहातावर मावते आणि त्याचे वजन अवघे १०० ग्रॅम आहे. ते इरिडियम कंपनीच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालते. हे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून सतत फिरत असल्यामुळे एक उपग्रह डोंगराआड गेला तरी काही वेळाने दुसरा दिसू लागतो, आणि अरुंद दरीत हा गुण सोन्यासारखा ठरतो. मात्र आकाश उघडे हवे. दाट झाडीखाली मेसेज जायला वेळ लागतो, त्यामुळे मोकळी जागा शोधून यंत्र स्थिर ठेवणे आणि वाट पाहणे हे वापरण्याचे खरे तंत्र आहे. उघड्या आकाशाखाली दर १० मिनिटांनी ठिकाण नोंदवत ठेवल्यास बॅटरी १४ दिवसांपर्यंत टिकते, असे कंपनी सांगते.

मला त्यात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट बॅटरी नसून दुतर्फी संवाद ही होती. झाकणाखालचे एसओएसचे बटण दाबले की चोवीस तास चालू असलेल्या मदत केंद्राकडे तुमचे ठिकाण जाते आणि तिकडून प्रश्न येतो: काय झाले, किती जण आहात, जखमीला चालता येते का? पाय मुरगळला असेल तर स्ट्रेचर आणि चार खांदे लागतात, साप चावला असेल तर प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे लागते, आणि मराठवाड्यात वळवाच्या पावसात नेहमी घडते तशी वीज पडली असेल तर गोष्टच वेगळी. एकतर्फी यंत्राचे बटण मात्र या तिन्हींसाठी एकच हाक देते. ‘स्पॉट जेन ४’ या यंत्रात मेसेज फक्त जातो, उत्तर परत येत नाही. म्हणून स्वस्त असूनही मी ते यादीतून आधीच काढले. दोन्ही यंत्रांना कंपनीच्या सेवेची वर्गणी भरावी लागते आणि वर्गणी बंद असेल तर एसओएसही चालत नाही, ही बाब जाहिरातीत बारीक अक्षरांत असते.

एवढे कौतुक केल्यावर सांगणे भाग आहे की इनरीच भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी यंत्रांचा कायदा यांच्यापासून हे नियंत्रण चालत आले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवाद्यांकडे थुरायाचा सॅटेलाइट फोन होता. त्यानंतर थुराया आणि इरिडियम यांच्या यंत्रांबाबतची कडक भूमिका आजतागायत सैल झालेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी महिलेच्या सामानात इनरीच सापडल्याने तिच्यावर कारवाई झाली, आणि त्यांच्या देशातली गिर्यारोहकाची जीवरक्षक वस्तू भारतात गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते हे तेव्हा अनेक परदेशी पाहुण्यांना प्रथम कळले. ऑनलाइन दुकानात एखादी वस्तू मिळते म्हणून ती वापरण्यास मुभा असते, असे मुळीच नाही.

आमच्या गटातील एका उत्साही सभासदाने विचारले, “सर, जंगलात कोण बघायला येतंय?” प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याचे उत्तर यंत्राच्या कार्यपद्धतीतच आहे. एसओएस दाबले की परदेशातील केंद्र आपल्याला वाचवायला येत नाही. ते स्थानिक यंत्रणेला, म्हणजे अखेरीस आपल्याच पोलिसांना आणि प्रशासनाला कळवते. ज्या क्षणी यंत्राचा उपयोग होतो, त्याच क्षणी ते आपल्याकडे असल्याची बातमीही सरकारदरबारी पोहोचते. जखमी माणसाच्या उशाशी बसून चौकशीला उत्तरे द्यायची तयारी असेल त्याने हा मार्ग धरावा. मी गटाला तसा सल्ला देणार नाही.

कायदेशीर मार्ग एक आहे, तो म्हणजे बीएसएनएलमार्फत मिळणारी इन्मारसॅट या उपग्रह कंपनीची सेवा. गाझियाबाद येथील भूकेंद्राच्या आधारे २०१७ साली ती सुरू झाली, आणि त्या जाळ्यावर चालणारा ‘आयसॅटफोन २’ हा हातात धरण्याचा फोन आहे. वजन ३१८ ग्रॅम, बोलण्यासाठी ८ तास आणि नुसता चालू ठेवल्यास १६० तास बॅटरी, धूळ व पावसाच्या फवाऱ्यापासून संरक्षण, आणि काठीसारखा उलगडून वर करायचा अँटेना. हा फोन इनरीचच्या तिप्पट जड असला तरी त्यावर प्रत्यक्ष बोलता येते, आणि घाबरलेल्या माणसाला मेसेज टाइप करण्यापेक्षा बोलणे सोपे जाते. आवाज ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन येत असल्यामुळे प्रश्न आणि उत्तर यांच्यात किंचित खंड पडतो. समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देण्याची सवय करावी लागते, जी आपल्या लोकांना मुळात कमी.

या फोनचा आपल्या भूगोलाशी असलेला संबंध मात्र कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. इन्मारसॅटचे हे उपग्रह विषुववृत्तावर एका जागी स्थिर दिसतात, म्हणून आपल्याकडून ते नेहमी दक्षिणेकडच्या अर्ध्या आकाशात असतात. ज्याला शंका असेल त्याने गावातल्या पत्र्यांवरच्या डिशच्या छत्र्या पाहाव्यात. त्या तोंड कुठे करून बसल्या आहेत हे कळेल. आता सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेची रचना आठवावी. मराठवाड्याच्या बाजूने ही रांग पठारासारखी हळूहळू चढते आणि उत्तरेला खानदेशाकडे एकदम कड्याने तुटते. म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्यात, किंवा अंतूरच्या खाली, खानदेशाच्या बाजूने जो कड्याच्या पायथ्याशी अडकतो त्याच्या दक्षिणेलाच भिंत उभी असते. उपग्रह आपल्या अक्षांशावरून बराच उंच दिसत असल्यामुळे थोडे मोकळे सरकले तर संपर्क होतो, परंतु कड्याला अगदी खेटून बसलेल्याला फोन निरुपयोगी वाटेल. किनवटच्या सागवानी जंगलात किंवा येडशीच्या रामलिंग घाटात भिंतीचा प्रश्न नाही. तिथे झाडी विरळ जागा शोधली की पुरे. इरिडियमच्या फिरत्या उपग्रहांचा वर सांगितलेला फायदा इथेच लक्षात येतो, आणि कायद्याची अडचणही इथेच सर्वांत जास्त टोचते.

या फोनसाठी उद्देश, वापरणारी व्यक्ती आणि संस्था सांगून परवानगी व जोडणी घ्यावी लागते. सेवा सुरू झाली तीही प्रथम पोलीस, सीमा सुरक्षा दल, आपत्ती व्यवस्थापन अशा सरकारी यंत्रणांसाठी. आमचा गट नोंदणीकृत संस्थासुद्धा नाही, त्यामुळे आम्ही अर्जापर्यंत गेलोच नाही. तरीही मत नोंदवतो की ट्रेकिंगच्या हौशी मंडळींपेक्षा हा फोन तालुक्याच्या कचेरीत असण्याची गरज अधिक आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव भागांतील गावांना पुराचा वेढा पडलेला आपण पाहिला. वीज गेली की मोबाइल टॉवर बॅटरीवर काही तासच निघतो, आणि त्यानंतर खिशातला महागडा फोन केवळ विजेरी म्हणून उरतो. नदीकाठच्या मोठ्या ग्रामपंचायतींनी आणि साखर कारखान्यांनी या फोनची चौकशी जरूर करावी.

तिसरा प्रकार म्हणजे व्यक्तिगत संकटसूचक, ज्याला पीएलबी म्हणतात. ‘रेस्क्यूमी पीएलबी १’ हे त्याचे एक चांगले उदाहरण आहे: ११६ ग्रॅम वजन, ७ वर्षे टिकणारी बॅटरी आणि वर्गणी शून्य. तो ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत सोडतो आणि कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतील उपग्रह तो टिपतात. १९८२ पासून ही व्यवस्था माणसे वाचवत आली आहे. भारतासाठीचे तिचे केंद्र बेंगळुरूत इस्रोच्या आवारात आहे. एकदा चालू केल्यावर तो किमान २४ तास हाक देत राहतो, परंतु संवाद नाही, आणि तो रेडिओ प्रक्षेपकच असल्यामुळे परवान्याचा प्रश्न त्यालाही चुकत नाही. सागरी वापरासाठी तो उत्तम आहे. इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेले संकटसूचक यंत्रही असेच समुद्रावरचे. आपल्याला नाथसागराच्या पलीकडे समुद्र नाही.

दोन सभासदांनी आयफोन १४ मध्ये सॅटेलाइट एसओएस असल्याचे सांगून खर्च वाचवण्याची सूचना केली. ती सोय ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालते आणि भारतात उपलब्ध नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला फोनही गौताळ्यात त्या कामाचा नाही. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला छत्री आणि वीज दोन्ही लागतात. पाठपिशवीतली ती वस्तू नव्हे.

गटाची खरेदी अखेर बरीच साधी झाली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अर्धा वॉट शक्तीचे वॉकी-टॉकी २०१८ च्या नियमांनुसार विनापरवाना वापरता येतात. त्यांचे तीन संच आम्ही घेतले. खरेदी करताना पट्टा आणि शक्ती खोक्यावर छापलेली पाहून घ्यावी, कारण त्याच दुकानात त्याच रंगाचे पाच वॉटचे संचही मिळतात आणि त्यांना परवाना लागतो. गटातील तरुणांपैकी दोघे हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संच चालवण्याच्या, परवान्याची परीक्षा देणार आहेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संपर्क उभा करण्यात केलेले काम माझ्या पिढीला ठाऊक आहे, आणि हा परवाना वयाच्या १२ व्या वर्षापासून मिळू शकतो. आणखी एक बिनखर्चाची गोष्ट: आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून पाहावे, कारण जवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर तो कॉल सहसा त्यावरून जातो.

मागच्या रविवारी अंतूरवर हे संच तपासले. बुरुजावरून पठारावरच्या माणसाशी बोलणे स्वच्छ झाले. बुरुजावरून घळीतल्या माणसाशी मात्र मधली सोंड आड येताच आवाज तुटला आणि नंतर नुसती खरखर राहिली. म्हणून तिसरा संच सोंडेच्या टोकाला बसणाऱ्या माणसाकडे देऊन निरोप पुढे सरकवला, तेव्हा घळीतून निघालेले वाक्य रेंज असलेल्या ठिकाणी पोहोचायला दोन मिनिटेही लागली नाहीत. सोंडेवर दिवसभर बसायला कोणी तयार होत नाही, हा प्रश्न पाळी लावून सोडवायचे ठरले असून पहिली पाळी मुरगळलेल्या पायाच्या गृहस्थांनी स्वतःहून घेतली आहे.